आयटीआय ते कंपनीचा गेट: पदवीशिवाय बऱ्या पगाराची नोकरी कोणत्या क्रमाने मिळवायची

दहावी-बारावीनंतर पदवीच्या वाटेला न जाता चाकण, वाळूज, सातपूर किंवा बुटीबोरीला कंपनीत लागायचं ठरवलेली बरीच मुलं क्रम उलटा लावतात. आधी ठेकेदाराकडून ‘डायरेक्ट जॉइनिंग’ घेतात. दोन-तीन वर्षांनी लक्षात येतं की पगार होता तिथेच आहे, हातात कामाचं प्रमाणपत्र नाही आणि शिकाऊ उमेदवारीची (कंपनीत विद्यावेतन घेऊन करायच्या प्रशिक्षणाची) वयोमर्यादा जवळ आली आहे. मग घाईघाईने कुठला तरी कोर्स शोधला जातो.

सरळ क्रम असा: कागद, ट्रेड, आयटीआयतले गुण, शिकाऊ उमेदवारी आणि शेवटी गेट. यात अडीच-तीन वर्षं कमाई कमी होते, हे आधीच सांगतो. घरची परिस्थिती तेवढीही सवलत देत नसेल, तर एक वर्षाचा ट्रेड घ्या, पण क्रम मोडू नका.

टप्पा १: निकालाआधीच कागद एका नावावर आणा

आपल्याकडे घोळ होतो तो नावाच्या क्रमाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर आधी स्वतःचं नाव. बँकेत मधलं नाव गायब, नाहीतर नुसतं आद्याक्षर. पॅनवर स्पेलिंगच वेगळं. शाळेत हे कोणी विचारत नाही. शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर आणि पुढे पीएफच्या केवायसीत मात्र यावरूनच अर्ज अडकतो.

दहावीची गुणपत्रिका मूळ धरा आणि बाकी सगळं तिच्याप्रमाणे करून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून दुरुस्तीला जाताना स्पेलिंग कागदावर लिहून न्या आणि पावती छापण्याआधी स्क्रीनवरचं नाव स्वतः वाचा. केंद्रावरच्या माणसाला तोंडी सांगू नका.

आधारला तुमचाच मोबाइल नंबर जोडलेला असावा. मामाचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा नको, कारण पुढची प्रत्येक पायरी ओटीपीवर चालते. बँक खातं आधारशी जोडलेलं आणि ‘डीबीटी’साठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, चालू आहे का, हे शाखेत जाऊन विचारा. शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनातला सरकारी हिस्सा याच वाटेने जमा होतो.

शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, आणि लागू असेल तर जातीचा दाखला व नॉन-क्रीमिलेअर प्रवेशाच्या गर्दीआधी काढून ठेवा. जून-जुलैत सेतू केंद्राबाहेर रांगेत उभं राहायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

*तपासा:* गुणपत्रिका, आधार, पॅन आणि पासबुक शेजारी-शेजारी ठेवा. चारही ठिकाणी स्पेलिंग आणि जन्मतारीख अक्षरशः एक असेल, तरच पुढे जा.

टप्पा २: ट्रेड निवडताना मित्राकडे नाही, एमआयडीसीकडे पाहा

मित्राने घेतला म्हणून घेतलेला ट्रेड दोन वर्षं चालतो, पुढे नाही. तुम्ही जिथे राहून काम करू शकता, तिथल्या औद्योगिक वसाहतीत काय बनतं ते आधी पाहा.

फिटर आणि इलेक्ट्रिशियन जवळपास प्रत्येक कारखान्यात लागतात. दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे आहेत. टर्नर आणि मशिनिस्ट पुढे सीएनसी-व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर जातात, म्हणून भोसरी, सातपूर-अंबड, वाळूज, शिरोली अशा सुट्या भागांच्या पट्ट्यात त्यांना काम मिळतं. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा असून आठवी उत्तीर्ण मुलालाही घेता येतो. लवकर कमवायचं असेल तर माझ्या मते हाच पर्याय, फक्त हात चांगला बसवायला हवा. टूल अँड डाय मेकरला जागा कमी आणि अभ्यास जास्त, पण कसब आलं की कामाला तोटा नाही.

कोपा, म्हणजे संगणकाचा एक वर्षाचा ट्रेड, ‘ऑफिसचं काम मिळेल’ म्हणून खूप जण घेतात. ऑफिसच्या त्याच खुर्चीसाठी पदवीधरांचीही रांग असते. टायपिंग आणि टॅली पक्कं करायची तयारी असेल तरच घ्या.

*सावधान:* इलेक्ट्रिशियन घेण्याआधी किंवा रेल्वेचा विचार असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंग ओळखण्याची तपासणी करून घ्या. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्याला ती आयुष्यभर जाणवलेली नसते आणि दोन वर्षांनी वैद्यकीय चाचणीत कळते.

टप्पा ३: प्रवेश

राज्यातले आयटीआय प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून होतात. अर्ज भरणं, तो निश्चित करणं आणि पसंतीक्रम भरणं ही वेगवेगळी कामं आहेत. अर्ज भरून शुल्क भरलं की काम झालं, असं समजून पसंतीक्रम राहून जातो.

पहिल्या पसंतीला तोच ट्रेड लिहा, जो मिळाल्यावर तुम्ही खरोखर घेणार आहात. पहिली पसंती मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडायची वेळ येते. खाजगी आयटीआयत जात असाल तर नुसत्या संस्थेची नव्हे, *त्या ट्रेडच्या त्या तुकडीची* एनसीव्हीटी संलग्नता, म्हणजे देशपातळीवरची मान्यता, विचारा. फलकावरचं नाव पुरेसं नाही.

टप्पा ४: आयटीआयच्या काळात गुण आणि हात, दोन्ही

‘आयटीआयला टक्के कोण बघतं’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. मध्य रेल्वेची शिकाऊ उमेदवारांची निवड दहावीचे आणि आयटीआयचे गुण मिळून लावलेल्या गुणवत्ता यादीवर होते, लेखी परीक्षेवर नाही. दहावीचे गुण आता बदलता येणार नाहीत, आयटीआयचे अजून तुमच्या हातात आहेत. शिवाय परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. ज्वारीच्या काढणीला आणि लग्नसराईत ती कधी घसरते, ते कळतही नाही.

हाताचं म्हणाल तर गेटवरच्या चाचणीत फार अवघड काही विचारत नाहीत. सोपंच विचारतात आणि मुलं त्यावरच अडकतात. टेबलावर एक गोल जॉब (घडवलेला तुकडा) आणि व्हर्निअर कॅलिपर हे मापाचं साधन ठेवतात. ‘माप सांग.’ मुख्य पट्टीवर व्हर्निअरचं शून्य २४ च्या पुढे गेलंय आणि व्हर्निअरची अठरावी रेघ मुख्य पट्टीच्या रेघेशी जुळतेय. लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी, म्हणजे १८ गुणिले ०.०२ बरोबर ०.३६, आणि माप २४.३६ मिमी. निम्मी मुलं ‘चोवीस पॉइंट अठरा’ म्हणून मोकळी होतात. जॉब हातात घेण्याआधी जबडे मिटवून शून्य चूक पाहिली का, याकडेही समोरचा माणूस लक्ष ठेवून असतो.

दुसरा नेहमीचा प्रश्न: एम८ टॅपसाठी (८ मिमीचे आटे पाडण्यासाठी) ड्रिल किती? व्यासातून पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वजा करा, ८ वजा १.२५, म्हणजे ६.७५, म्हणून ६.८ चं ड्रिल. इलेक्ट्रिशियनला स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी कागदावर काढायला सांगतात आणि अर्थिंग का करायचं ते विचारतात. सोबत साधं ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे: ५० ± ०.०५ लिहिलं असेल तर ४९.९४ चा जॉब चालेल का? नाही चालणार.

वर्कशॉपमध्ये तुमची पाळी येईल तेव्हा मशीनवर उभे राहा. चार जणांच्या गटात एकच जण काम करतो आणि बाकीचे जर्नल उतरवतात, हे घरोघरी ठाऊक आहे. उतरवणारा गेटवर पकडला जातो.

*तपासा:* प्रमाणपत्र ऑनलाइन आलं की नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि ट्रेड लगेच ताडून बघा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात संस्थेत द्या. नोकरीच्या पडताळणीच्या दिवशी ती दुरुस्त होत नाही.

टप्पा ५: शिकाऊ उमेदवारी, जिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं

कायदा १९६१ चा, शिकाऊ उमेदवार अधिनियम. तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे जागा असतात. प्रश्न असतो तो कुठली घ्यायची याचा.

*एकदाच मिळणारी संधी.* शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्या किंवा करत असलेल्या मुलाला रेल्वे आणि इतर सरकारी आस्थापनांच्या शिकाऊ भरतीत पुन्हा अर्ज करता येत नाही. निकाल लागल्याच्या आठवड्यात समोर आलेल्या दहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये करार केला की ही दारं बंद होतात. म्हणून आधी मोठ्या जागांच्या जाहिराती पाहा: मध्य रेल्वेचे मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ, नागपूर विभाग, ओझरचं एचएएल, माझगाव डॉक, आयुध निर्माण्या, महावितरण, एसटी महामंडळ आणि मोठ्या खाजगी कंपन्या. दोन-तीन महिने थांबायला हरकत नाही. वर्षभर मात्र थांबू नका. मध्य रेल्वेला वयाची सर्वसाधारण मर्यादा २४ आहे.

*करार कशाचा आहे.* शिकाऊ उमेदवारीत निर्देशित ट्रेड (सरकारने ठरवलेला) आणि ऑप्शनल ट्रेड (कंपनीने ठरवलेला) असे दोन प्रकार आहेत. आयटीआय केलेल्या मुलाने निर्देशित ट्रेडचाच, तोही स्वतःच्याच ट्रेडचा करार करावा. शेवटी परीक्षा देऊन मिळतं ते राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘एनएसी’ म्हणतात, ते त्यावरच अवलंबून आहे. फिटरच्या मुलाला ‘असेंब्ली ऑपरेटर’ म्हणून ऑप्शनलमध्ये घातलेलं दरवर्षी दिसतं. सही करताना त्याने वाचलेलं नसतं.

*विद्यावेतन.* २०१९ च्या नियमांत आयटीआय प्रमाणपत्रधारकाला महिना किमान ७,००० रुपये ठरले आणि एका वर्षाहून लांब प्रशिक्षणात दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ. दर मधूनमधून बदलतात आणि मोठ्या कंपन्या किमानपेक्षा जास्त देतात, तेव्हा करारातला आकडा वाचा. पीएफ कापला जात नाही, कारण कायद्याच्या नजरेत तुम्ही कामगार नसता. अपघात झाला तर नुकसानभरपाईचा हक्क मात्र असतो. आणि शिकाऊ उमेदवाराकडून नेमाने ओव्हरटाइम करून घेता येत नाही.

करताना असं करा:

१. शिकाऊ उमेदवारीच्या केंद्रीय पोर्टलवर स्वतः नोंदणी करा. लॉगिन आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा.
२. जिल्ह्यातल्या बीटीआरआय केंद्रात (शिकाऊ उमेदवारीचं काम पाहणाऱ्या सरकारी केंद्रात) जाऊन कुठल्या आस्थापनेला तुमच्या ट्रेडच्या जागा आहेत ते विचारा. बहुतेक आयटीआयच्याच आवारात किंवा जवळ हे केंद्र असतं, तरी तिथे फार कमी मुलं जातात.
३. जागा मिळाली की करार पोर्टलवर नोंदवला गेला का ते स्वतःच्या लॉगिनमधून बघा. ‘कागद नंतर करू, उद्यापासून ये’ म्हणणाऱ्याकडे तुम्ही शिकाऊ उमेदवार नाही, स्वस्तातला मजूर आहात.
४. शेवटची परीक्षा चुकवू नका. वर्ष संपलं, कंपनीने दुसरीकडे पाठवलं आणि परीक्षा राहिली, असं झालं तर वर्ष भरूनही एनएसी मिळत नाही.

*सावधान:* शिकाऊ उमेदवारी संपल्यावर नोकरी द्यायचं कंपनीवर बंधन नसतं. फायदा दुसरीकडे आहे. रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत, जिथे मूळ वेतन १८,००० पासून सुरू होतं आणि महागाई भत्ता-घरभाडं वेगळं, तिथे रेल्वेत प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव असतात. परीक्षा त्यांनाही द्यावीच लागते.

जाता जाता एक खुलासा. २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि शिकाऊ उमेदवारी या एकच गोष्टी नाहीत. तिथे पैसे मिळतात, एनएसी मिळत नाही.

टप्पा ६: गेटवर कसं जायचं

आता नोकरी. तीन वाटा आहेत आणि त्या याच क्रमाने चालाव्यात.

पहिली, सरकारी कंपन्यांच्या जाहिराती. इलेक्ट्रिशियन-तारतंत्रीसाठी महावितरणची विद्युत सहाय्यक भरती मोठी असते: २०२३ च्या जाहिरातीत ५,३४७ जागा होत्या. त्यात पहिली तीन वर्षं १५,०००, १६,००० आणि १७,००० असं ठोक मानधन आणि नंतर तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी. मानधन पाहून नाक मुरडणारी मुलं चौथं वर्ष पाहत नाहीत.

दुसरी, कंपनीची थेट भरती: आयटीआयतले कॅम्पस, महास्वयं पोर्टलवरच्या नोंदणीतून कळणारे रोजगार मेळावे, आणि शिकाऊ उमेदवारी केलेल्या कंपनीतल्या सुपरवायझरची ओळख. शेवटच्या गोष्टीला कमी लेखू नका. वर्षभर वेळेवर आलेल्या मुलाचं नाव सुपरवायझरला आठवतं.

तिसरी वाट ठेकेदाराची. ती टाळताच येते असं मी म्हणणार नाही, बऱ्याच कंपन्यांत आत जायचा तोच दरवाजा आहे. पण जाताना विचारून जा. हजेरी कोणाच्या नावाने? पीएफचा कोड कोणाचा? सहा-सात महिन्यांनी ब्रेक देतात का? सलग २४० दिवस भरू नयेत म्हणून हा ब्रेक दिला जातो आणि परतल्यावर तुम्ही पुन्हा नवे. एका ब्रेकनंतर त्याच जागी परत जाऊ नका, तोवर दुसरीकडे अर्ज केलेला असू द्या.

बायोडाटा एक पानाचा. वर ट्रेड, एनएसी आणि कुठल्या मशीनवर काम केलंय ते. ‘फनूक कंट्रोलच्या सीएनसी टर्निंगवर ऑफसेट देता येतो’ असं एक वाक्य, छंद-वाचन-क्रिकेटच्या परिच्छेदापेक्षा जास्त काम करतं. येत नसेल तर लिहू नका, पहिल्याच तासात मशीनवर उभं करतात.

*सावधान:* नोंदणी फी, गणवेशाचे पैसे, ‘परत मिळणारं डिपॉझिट’, मूळ गुणपत्रिका ठेवून घेणं, यातलं एकही मागितलं की तिथून निघा. मूळ कागद दाखवायचे असतात, द्यायचे नसतात.

टप्पा ७: सांगितलेला पगार आणि हातात येणारा पगार

जाहिरातीत ‘२२,००० सीटीसी’, म्हणजे तुमच्यावरचा कंपनीचा एकूण खर्च, असतं. त्यात कंपनीने भरायचा पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा), बोनस, कधी कॅन्टीन-बससुद्धा धरलेली असते. विचारायचा प्रश्न एकच: ‘ग्रॉस किती आणि त्यात बेसिक किती?’

समजा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, १८,००० आणि त्यातला बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) १५,०००. पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० गेले. ईएसआयसी ग्रॉसच्या ०.७५ टक्के म्हणजे १३५. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, आणि महिलांना २५,००० पर्यंत नाही). हातात १५,८६५. त्यातून खोली, मेस आणि गावी जायचं भाडं.

पीएफ कापला म्हणून चिडू नका, तेवढाच हिस्सा कंपनीही भरते. ‘आम्ही पीएफ कापत नाही, पूर्ण हातात देतो’ म्हणणाराच तुमचे पैसे खातो. ईएसआयसीने स्वतःसोबत घरच्यांचाही दवाखान्याचा खर्च भागतो. २१,००० पर्यंतच्या पगाराला ती लागू आहे.

मग तास विचारा. शेजारची कंपनी २०,००० हातात देते, पण शिफ्ट बारा तासांची. २६ दिवसांनी भागा: बारा तासांच्या कामाला तासाला ६४ रुपये पडतात. वरच्या १५,८६५ ला आठ तासांच्या शिफ्टमध्ये ७६. आठवड्याच्या ४८ तासांपुढच्या कामाचे पैसे कायद्याने दुप्पट दराने द्यायचे असतात. बारा तासांचा ‘ठोक’ पगार म्हणजे तो दुप्पट दर बुडवायची युक्ती.

टप्पा ८: रुजू होताना आणि पहिले सहा महिने

नियुक्तिपत्र हातात घ्या. पद, ग्रॉस, बेसिक, शिफ्ट, प्रोबेशन किती आणि नोकरी सोडायला किती दिवसांची सूचना, एवढं त्यात हवं. व्हॉट्सॲपवर आलेला पगाराचा मेसेज नियुक्तिपत्र होत नाही, तरी तो पुसू नका.

आधी कुठे पीएफ कापला गेला असेल तर तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या. ठेकेदार बदलला की नवा नंबर काढायची सवय लागलेली असते आणि दोन-तीन खात्यांत पैसे विखुरतात. दुसऱ्या पगारानंतर उमंग ॲपवर पासबुक उघडा. स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात जमा नाही, तर आधी एचआरला लेखी विचारा. पुढच्या महिन्यातही आलं नाही तर पीएफ कार्यालयाच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर नोंद करा. सहा महिन्यांनी एकदम बघायला गेलात, तर ठेकेदार बदललेला असू शकतो.

आठ तासांची शिफ्ट संभाळून पुढे शिकायचं असेल, तर दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. त्यासाठी प्रोबेशन संपेपर्यंत थांबा.

आणि सोडताना राजीनामा लिहूनच द्या, पोच घ्या, अनुभवपत्र मागा. दिवाळीला गावी गेला आणि परत आलाच नाही, असा शेवट केला की फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) अडकतं, पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख वेळेवर पडत नाही, आणि पुढे पैसे वर्ग करायची वेळ आली की तुम्हाला त्याच ठेकेदाराला फोन करत बसावं लागू शकतं.